काका मारण्याचा शब्द

१

काका चहाला उठले नाहीत, तेव्हाच काहीतरी चुकलंय असं मला वाटलं. जेवल्यावर कामाच्या खोलीतच आरामखुर्चीत डुलकी काढायची आणि कपबशीचा आवाज आला की हाक मारायच्या आत डोळे उघडायचे, ही त्यांची जन्माची सवय. त्या दिवशी मी कप आपटला, चमचा वाजवला, "काका, चहाचं पाणी झालं बरं का" म्हणून ओरडलेसुद्धा. आतून फक्त पंख्याची घरघर ऐकू येत होती.

आत गेले तर काकांच्या तोंडावर उशी. तीही माझी. माझ्या खुर्चीतली, निळ्या अभ्र्याची, पाठ दुखते म्हणून काकूनं शिवून दिलेली. ती उचलली आणि त्यानंतरचं मला नीट आठवत नाही. आतेभाऊ म्हणतो, मी अशी किंचाळले की रस्त्यावरची माणसं थांबली.

हा आतेभाऊ म्हणजे काकांचा भाचा. कागद आणणं, छापखान्यात खेटे घालणं, दुकानांत पुस्तकं पोचवणं ही सगळी कामं त्याची, आणि तो बसल्या जागी कधी बसत नाही म्हणून सगळे त्याला 'घाई'च म्हणतात. तो धावत आला. त्याच्या मागून पंडित आला. पंडित हे त्याचं खरं नाव नव्हे. लॅटिन येतं म्हणून काकांनीच दिलेलं, आणि तो ते मेडलसारखं मिरवायचा. सर्वांत शेवटी काकू भिंतीला धरत धरत आली, काकांच्या पायाशी बसली आणि तिनं त्यांचं धोतर सारखं केलं. रडली नाही. एक अक्षर बोलली नाही. शेजारच्या बायकांनी तिला उठवून आत नेलं.

"ताई," घाई म्हणाला, "फळा बघ."

फळ्याचं सांगायला हवं. दुसऱ्यांच्या घरात दुधाचा नाहीतर शिवणाचा धंदा असतो, तसा आमच्या घरात शब्दांचा. काका इंग्रजी–मराठी कोश करायचे आणि आम्ही तिघं त्यांच्या हाताखाली. रोज सकाळी ते फळ्यावर एक अवघड शब्द लिहायचे आणि संध्याकाळपर्यंत प्रत्येकानं त्याखाली आपापला मराठी शब्द लिहायचा. सध्या नव्या कोशाच्या शेवटी जोडायची दुर्मीळ शब्दांची पुरवणी चालू होती, आणि आम्ही नेमके खुनांपाशी येऊन ठेपलो होतो.

खुनांचे इंग्रजी शब्द मोठे मजेदार असतात, म्हणजे तेव्हा वाटायचे. लॅटिनमधलं नातं घ्यायचं, त्याला शेवटी 'साइड' जोडायचं, की झाला मुडदा तयार. अक्सोरिसाइड म्हणजे बायकोचा खून. मॅरिटिसाइड नवऱ्याचा. सोरोरिसाइड बहिणीचा. अहो, फेलिसाइड म्हणून मांजराच्या खुनालासुद्धा शब्द आहे! नवऱ्याचा शब्द ऐकून काकू म्हणाली होती, "एवढा जोडाक्षरी शब्द? बाईचा उच्चार होईस्तोवर नवरा पळून जायचा." काका दिवसभर हसत होते.

सकाळी फळ्यावर बहिणीचा शब्द होता. आता तो पुसलेला होता आणि त्या जागी मोठ्या इंग्रजी अक्षरांत, छापल्यासारखं, दुसरंच काही लिहिलेलं होतं. मी अडखळत वाचलं. पॅट्रुइसाइड.

"म्हणजे काय रे?" घाईनं विचारलं.

पंडितानं कपाळाला हात लावला. "पॅट्रुअस म्हणजे वडिलांचा भाऊ. मामा नव्हे हं, काका. हा काकाचा खून. पुतण्यानं केलेला. किंवा..."

तो थांबला. काकांना पुतण्या नाही. पुतणी एकच, आणि ती निळी उशी छातीशी धरून उभी होती. दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

२

तपासाला आल्या त्या फौजदारीणबाई सर्दीनं बेजार होत्या. एका हातात रुमाल, दुसऱ्या हातात खोकल्याच्या गोळ्यांची पुडी. त्यांनी आम्हा तिघांना बाहेरच्या खोलीत एकाच बाकावर बसवलं. "एकेकाला कोपऱ्यात घेऊन विचारत नाही मी," त्या म्हणाल्या. "एक बोलत असताना बाकीच्यांची तोंडं बघायला मला आवडतं."

काकूला आतच पडू दिलं होतं. तिला फळ्यावरचा शब्द कुणी सांगायचा नाही, असं आम्ही तिघांनी ठरवून टाकलं. आधीच नवरा गेलेला, त्यात त्याच्या खुनाचा शब्द तिच्या कानावर कशाला घालायचा? त्या वेळी आम्हाला तो शहाणपणा वाटला.

"दुपारी कोण कुठे होतं?"

मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. घाई दारात कागदाचे गठ्ठे उतरवत होता, एकटाच. पंडित कोपऱ्यावर चप्पल शिवायला गेला होता, पण चांभार जेवायला गेलेला, म्हणून तसाच परत आला. काकू स्वयंपाकघरात आडवी झाली होती. मागचं दार, पुढचं दार, दोन्ही उघडी.

"म्हणजे कुणीही," बाई म्हणाल्या आणि शिंकल्या. "सकाळी भांडण कुणाचं झालं?"

मीच म्हटलं, "माझं." लपवून काय उपयोग? शेजाऱ्यांनीही ऐकलं होतं. पाठ धरली होती, म्हणून मी दोन दिवस सुट्टी मागितली, तर काका म्हणाले, पुरवणी संपू दे, मग खुशाल झोप. मी संतापून म्हणाले, "या कोशापायी एक दिवस या घरात कुणाचा तरी जीव जाईल!" काय बोलून बसले मी. ते वाक्य आता माझ्याच गळ्याशी आलं होतं.

"घर कुणाला मिळणार?"

"काकूला. तिच्यानंतर मला," मी म्हणाले. माझा आवाज मलाच चोरट्याचा वाटला. आईवडील गेल्यावर या दोघांनीच मला वाढवलं, हे सांगायचं राहूनच गेलं.

बाईंनी तोंडातली गोळी या गालातून त्या गालात नेली. "खून करून आपलंच नातं फळ्यावर लिहिणारी बाई एकतर वेडी असली पाहिजे, नाहीतर तिला कुणीतरी अडकवतंय. पंडित, हा शब्द कुणाकुणाला माहीत असेल?"

"बाईसाहेब, लॅटिन या घरात दोघांनाच. एक सर, ते गेले, आणि दुसरा मी," पंडित म्हणाला. "पण त्याला लॅटिन कशाला हवं? मोठ्या इंग्रजी कोशांत शब्द असणारच. कपाट उघडं असतं. कुणीही काढावा, वाचावा, लिहावा." आणि फार वाईट वाटल्यासारखा चेहरा करून त्यानं भर घातली, "ते कपाट हिच्याच टेबलामागे आहे."

"तुम्ही काम कसं करता?"

पंडिताची छाती फुगली. "शेवटचं वाचन तिघं करतो. छापायच्या पानांचे तीन गठ्ठे. प्रत्येकानं आपल्या गठ्ठ्यातला शब्दन्‌शब्द मोठ्या कोशांशी ताडून बघायचा आणि पुढे बरोबरची खूण करायची. दुसऱ्याच्या गठ्ठ्यात डोकावायचं नाही, हा सरांचा नियम. ज्याचा त्याचा खण, ज्याचं त्याचं कुलूप. माझी किल्ली तर झोपेतही कमरेला असते. माझी पानं माझ्याशिवाय आजवर कुणी पाहिलेली नाहीत, पैजेवर सांगतो."

बाई उठल्या. जाताना मला म्हणाल्या, "उद्या संध्याकाळी येते. एक कपड्यांचा जोड काढून ठेवा."

"म्हणजे मला नेणार?"

"उशी तुमची, भांडण तुमचं, घर तुमचं, आणि शब्द तुमच्या नात्याचा," बाई म्हणाल्या. "दुसरं काही सापडलं नाही तर न्यावं लागेल."

मला नेलं तर काकूच्या उशाशी पाणी कोण ठेवणार, हेच मनात घोळत राहिलं. आणि मी केलेलं नाही म्हणजे ज्यानं केलं तो उद्याही या घरात येणार, काकूला "कशी आहेस" म्हणून विचारणार, माझ्या हातचा चहा पिणार.

३

सकाळी स्वयंपाकघराचं दार लोटायला गेले आणि हात तिथंच थिजला. दारावर खडूनं, तीच मोठी छापील अक्षरं होती. सेनिसाइड.

हा शब्द मला येत होता. मागच्याच आठवड्यात तो फळ्यावर होता. म्हाताऱ्या माणसांचा खून.

घरात म्हातारं माणूस आता एकच उरलं होतं, आणि ते दाराच्या पलीकडे होतं. मी दार ढकलून आत धावले. काकू चटईवर बसलेली होती, धडधाकट, समोरच्या भिंतीकडे बघत. मी तिथंच तिच्या शेजारी बसले.

सकाळपासून घरात माणसांची रीघ होती. भेटायला येणारे येत होते, रडत होते, जात होते. घाई उजाडताच आला होता, पंडितही. कुणी लिहिलं कसं सांगणार? आणि लिहिणाऱ्याचा डाव तर सरळ दिसत होता. काका गेले, काकू जाईल, की घर पुतणीचं. काकूला उद्या साधं काही झालं तरी लोक म्हणतील, हिनंच केलं.

आता लपवून चालणार नव्हतं. निदान तिनं सावध तरी राहायला हवं होतं.

"काकू," मी म्हणाले, "काकांना मारलं त्यानं फळ्यावर एक शब्द लिहून ठेवला. मी सांगितलं नाही तुला. आता तुझ्या दारावरही लिहिलंय."

तिनं मान वळवली. कालपासून पहिल्यांदाच. "कुठला शब्द?"

"इंग्रजी आहे गं. तुला काय कळणार?"

"सांग तरी."

"पॅट्रुइसाइड."

"परत म्हण."

मी परत म्हटलं. काकूनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं, की बांगडी रुतली. "अगं, हा तर आमचा शब्द!" ती म्हणाली. "हा आम्ही दोघांनी इथं बसून केला. मी वाटाणे सोलत होते आणि हे तिथं पाटावर बसले होते."

मला वाटलं, दुःखानं तिचं डोकं फिरलं. पण ती घडाघडा बोलायला लागली. पलीकडच्या रस्त्यावरचे प्रकाशकही कोश काढताहेत आणि आपली पानं त्यांच्याकडे जाताहेत, असा काकांना संशय आला होता. घरातल्या तिघांपैकीच कुणीतरी देत असणार. मग त्यांनी युक्ती काढली. कोश करणारे कधीकधी आपल्या कोशात एक खोटा शब्द पेरून ठेवतात. दुसऱ्यानं चोरी केली, की तो खोटा शब्दही त्याच्याकडे जातो आणि चोर उघडा पडतो. काकांनी एकाऐवजी तीन पेरायचे ठरवले, तिघांच्या गठ्ठ्यांत तीन निराळे. समोरच्याच्या पुस्तकात जो उगवेल, त्याचा धनी चोर.

"मला म्हणाले, खुनांची पुरवणी आहे, सांग कुणाकुणाला मारू? कुठल्या नात्यांना इंग्रजीत शब्द नाही ते बघून मी तीन तयार करतो. मावशी, आत्या, काका. आणि हे तुझ्या गठ्ठ्यात काकाचा शब्द टाकायला निघाले होते." काकूचा आवाज फाटला. "मी म्हटलं, पोरीला काका मेल्याचा शब्द देऊ नका हो. खोटा असला म्हणून काय झालं? वाईट बोलू नये, लागतं. तिला मावशी द्या, तिला मावशीच नाही. घाईला आत्या द्या, त्यालाही नाही. आणि तो काका त्या पंडिताला द्या. तुम्ही त्याचे कोण लागता?"

माझ्या डोळ्यांपुढे माझ्याच गठ्ठ्यातलं पान आलं. मॅटर्टेरिसाइड, मावशीचा खून. पाठ दुखत होती, शब्द लांबलचक होता, काकांचं अक्षर होतं. मीही मोठा कोश न उघडताच बरोबरची खूण केली होती. काकांनी लिहिलंय ना, मग चुकेल कसं, असं आम्हा सगळ्यांना वाटायचं.

"अगं, मग कालच का नाही बोललीस?"

"काय बोलू?" ती म्हणाली. "काल सकाळीच हे म्हणाले होते, चोर सापडला, नाव उद्या सगळ्यांसमोर सांगतो. पानं देणारानंच मारलं, हे मला कळलंच होतं. पण कोण, ते कुठं कळलं होतं? तू निघालीस तर? घाई निघाला तर? नवरा गेला होता माझा. आता माझ्या तोंडानं पोर कशाला घालवू?" आणि आत्ता कुठं ती रडायला लागली, मोठ्यानं, लहान मुलासारखी. मीही तिच्या गळ्यात पडून रडले.

"काकू, चहा आणलाय."

पंडित दारात उभा होता. हातात कप. कधीपासून उभा होता, किती ऐकलं होतं, काही कळायला मार्ग नव्हता.

४

"कालपासून पोटात काही नाही तुमच्या," तो गोड आवाजात म्हणाला. "गरम आहे तोवर घ्या."

काकूनं माझ्याकडे पाहिलं. मी कप हातात घेतला. घेताना बशीत थोडा चहा सांडला. तो माझ्याकडेच बघत होता. "काय झालं ताई?" त्यानं विचारलं. "फार गरम आहे," म्हणत मी कप तसाच धरून ठेवला. कप ओतून द्यावा तर त्याला कळणार, आणि काकूला द्यावा तर...

तेवढ्यात घाई वाऱ्यासारखा आत शिरला, नेहमीप्रमाणे समोर न बघता, आणि थेट माझ्यावर आदळला. कप खाली पडून फुटला. "अरे देवा, माफ कर, माफ कर," म्हणत त्यानं फडकं घेतलं आणि फरशी पुसूनही टाकली. जन्मात मी त्याला घाई केल्याबद्दल पहिल्यांदाच मनातून आशीर्वाद दिला. त्या चहात काही होतं की नव्हतं, हे आजही मला माहीत नाही.

काकूजवळ घाईला बसवून मी गच्चीवर गेले आणि बाईंना फोन केला. दारावरच्या शब्दापासून काकूच्या वाटाण्यांपर्यंत सगळं एका दमात सांगितलं.

"तुमची काकू तुमच्यासाठी वाट्टेल ते सांगेल, असं त्याचा वकील म्हणेल," बाई म्हणाल्या. "तिच्या तोंडून नको. त्याच्या तोंडून यायला हवं. तोवर काकूजवळून हलू नका, आणि बाहेरचं काही खाऊपिऊ देऊ नका."

संध्याकाळी बाई आल्या. आल्या आल्या मला विचारलं, "कपडे काढून ठेवले?" पंडिताच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. फळ्यावर शब्द तसाच होता. आरामखुर्ची रिकामी होती. काकूला मी हट्टानं माझ्या शेजारी बसवलं होतं.

"पंडित, एक काम करा माझं," बाई नाक पुसत म्हणाल्या. "मी आपली अडाणी. वर कागद पाठवायचाय, त्यात लिहावं लागेल, की हा शब्द अमक्या कोशात आहे, तो या मुलीनं बघितला आणि लिहिला. तेवढा काढून दाखवा, म्हणजे हिला घेऊन मी निघते."

"एवढंच ना?" पंडित म्हणाला. म्हणजे सकाळी दारात त्यानं काही ऐकलं नव्हतं. शिडी लावून त्यानं सर्वांत जाडा कोश उतरवला, सराईत बोटांनी पान गाठलं, आणि त्याचं बोट खाली खाली सरकत गेलं. मग पुन्हा वर आलं.

"यात नाही दिसत. दुसऱ्यात असेल."

दुसरा उतरवला. मग तिसरा. मग लॅटिनचा. त्याच्या कानशिलांवरून घाम ओघळायला लागला. मी मनातल्या मनात एकच धावा करत होते. नसू दे. काकांनी नीट बघितलेलं असू दे. एखाद्या कोपऱ्यातल्या कोशात तो खरोखरच असला, तर मी संपले.

"घाई नाही," बाई म्हणाल्या.

"मी काय केलं?" घाई दचकून म्हणाला. कुणी हसलं नाही.

"असायलाच हवा!" पंडित ओरडला. टेबलावर कोशांचा ढीग झाला होता. "सर नसलेला शब्द लिहायचेच नाहीत! त्यांच्या हातचा होता, माझ्या पानात मी स्वतः..."

तो थांबला. पण बोलून गेला होता.

"तुमच्या पानात," बाई शांतपणे म्हणाल्या. "कुलपातल्या. ज्याची किल्ली झोपेतही तुमच्या कमरेला असते, आणि जी पानं तुमच्याशिवाय कुणी पाहिलेली नाहीत. कालच तुम्ही पैज लावली होती." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हिला लॅटिन येत नाही, याला येत नाही. कोशात शब्द असता, तर यांच्यापैकी कुणीही बघून लिहिला असता. पण तो जगातल्या कुठल्या कोशात नाही. तो तुमच्या सरांनी बनवला आणि फक्त तुमच्या गठ्ठ्यात टाकला. मग फळ्यावर तो कोण लिहू शकतं?"

"मी... लॅटिन येणारा कुणीही..."

"लॅटिन येणारे या घरात दोघंच, असं तुम्हीच सांगितलंत. त्यांतला एक त्या खुर्चीत मरून पडला होता."

मग बाईंनी पिशवीतून एक पातळ पुस्तिका काढून टेबलावर ठेवली. पलीकडच्या प्रकाशकांनी नव्या कोशाचा नमुना म्हणून दुकानांत वाटायला नुकतीच छापलेली. अशीच एक प्रत काकांच्या हाती आधीच लागली असणार. दुपारी एक शिपाई ती घेऊन आला होता. पान उघडंच होतं, आणि पानाच्या मध्यावर तो शब्द होता. पॅट्रुइसाइड. काकाचा खून. मुखपृष्ठावर संपादक म्हणून पंडिताचं खरं नाव होतं, पहिलं, ठळक.

पंडित शिडीच्या पायरीवर बसला. "ताडून बघायला हवा होता," तो पुटपुटला. "नुसती खूण केली. प्रकाशकांसाठी पानं उतरून घ्यायची गडबड होती, ताडून बघायला वेळ कुठे होता?" मग म्हणाला, "उभं आयुष्य इथं घातलं. पहिल्या पानावर कधी माझं नाव आलं नाही. पलीकडच्यांनी पहिलं नाव देतो म्हटलं. आणि काल सकाळी सर म्हणाले, पानं कोण देतंय ते कळलंय मला, उद्या सगळ्यांसमोर बोलू. कसं कळलं ते बोलले नाहीत. मला वाटलं, हिनंच चुगली केली."

"म्हणून एका दगडात दोन पक्षी," बाई म्हणाल्या.

त्यानं मान हलवली. पकडला गेला त्याचं त्याला काही वाटत असेलच, पण जाताना तो दारात वळला आणि फळ्याकडे बघून म्हणाला, "शब्द मात्र चोख बनवला होता." काकांचं कौतुक करत करत तो पोलिसांच्या गाडीत चढला.

५

कोश छापायला गेला तो पाऊण वर्षानं. शेवटचं वाचन मी एकटीनं केलं, आणि या वेळी शब्दन्‌शब्द ताडून, पाठ मोडली तरी. घाई गठ्ठे घेऊन छापखान्यात धावायला दारात उभा होता, एक पाय बाहेर टाकून.

पहिल्या पानावर काकांचं नाव आहे. त्याखाली घाईचं आणि माझं. काकांनी ते आधीच लिहून ठेवलं होतं, पुरवणी संपल्यावर घालायला. त्यांच्या त्या कागदावर आम्हा दोघांच्याही आधी आणखी एक नाव होतं. ते मी खोडलं, तेव्हा हात जड झाला. खोटं कशाला बोलू?

मावशी खोडली. आत्या खोडली. मग पंडिताच्या खणातून आलेलं पान काढलं आणि पेन हातात धरून बसून राहिले.

काकू चहा घेऊन आली. आता ती कामाच्या खोलीत येते, काकांच्या खुर्चीत बसते, आणि मला सारखी विचारते, हा शब्द काय, तो शब्द काय. "कशावर अडलीस?" तिनं विचारलं.

"आपल्या शब्दावर. काकांच्या हातचा आहे गं. खोडवत नाही."

तिनं पान जवळ घेतलं. इंग्रजी तिला वाचता येत नाही, पण शेजारचं मराठी येतं. 'काकाचा खून, पुतण्याने वा पुतणीने केलेला.' तिनं ते दोनदा वाचलं, चष्मा काढून पदरानं पुसला.

"असा शब्द आहे का कुठं?" ती म्हणाली.

"नाही."

"मग खोड. पोरीला नको म्हणाले होते ना मी?"

मी खोडला. काकूनं पान घाईच्या हातात दिलं, आणि आम्ही दोघींनी चहा घेतला.